मेंदूचा देठ आणि मेंदूची साल : ताल कोण धरतो?

लेझमीचा खेळ तुम्ही पाहिला असेल. शंभर मुले मैदानावर उभी असतात आणि एका कडेला एकच हलगीवाला असतो. हलगीचा ठेका बदलला की शंभर जणांची पावले बदलतात. पण बारकाईने पाहा. हलगीवाल्याचेही लक्ष मुलांच्या पावलांकडे असते. मुले मागे पडली तर तोही हात सैल सोडतो. मग ताल कोण धरतो? हलगीवाला, मुले, की दोघे मिळून?

असाच प्रश्न मेंदूचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला. त्यांचा हलगीवाला मेंदूच्या तळाशी, देठात बसलेला होता. खेळणारी मुले मेंदूच्या वरच्या सालीत होती, आणि तीही शंभर नव्हे, कोट्यवधी! या प्रश्नाचा मोठा भाग पांढऱ्या उंदराच्या साहाय्याने उलगडला. तो कसा, हे या लेखात पाहू.

देठ आणि साल

फुलकोबीचा गड्डा डोळ्यांपुढे आणा. वर पसरलेला तुरा आणि खाली जाड देठ. मेंदूची रचना ढोबळमानाने अशीच असते. वरच्या मोठ्या भागाला प्रमस्तिष्क म्हणतात. त्याच्या पृष्ठभागावर चेतापेशींचा एक पातळ थर असतो. त्याला बाह्यक म्हणजे मेंदूची साल म्हणतात. पाहणे, ऐकणे, हालचालींची आखणी करणे ही कामे या सालीत चालतात. खालच्या देठाला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. तो पुढे मज्जारज्जूला जोडलेला असतो. श्वास, हृदयाचे ठोके, झोप आणि जाग यांची व्यवस्था या देठाकडे असते.

उंदराच्या मेंदूचे वजन सुमारे दोन ग्रॅम भरते. एवढ्याशा गोळ्यात सुमारे 20 कोटी चेतापेशी असतात आणि त्यांपैकी सुमारे 3 कोटी बाह्यकात असतात. देठात, सेतू नावाच्या भागात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे चेतापेशींचे दोन इवलेसे पुंजके असतात. प्रत्येक पुंजक्यात जेमतेम दीड हजार पेशी! माणसाच्या मेंदूत हा पुंजका निळसर दिसतो, म्हणून त्याला ‘निळी जागा’ या अर्थाचे लॅटिन नाव मिळाले. आपण त्याला ‘नीलस्थान’ म्हणू. गंमत अशी, की उंदराच्या नीलस्थानात तो रंग जवळजवळ नसतोच. पण नाव मात्र तेच राहिले.

आता हिशेब करा. दोन्ही नीलस्थानांच्या मिळून तीन हजार पेशी आणि बाह्यकाच्या तीन कोटी. म्हणजे नीलस्थानातील एका पेशीच्या वाट्याला बाह्यकातील दहा हजार पेशी येतात. नीलस्थानातील एका पेशीच्या तंतूला असंख्य फाटे फुटतात आणि ते मेंदूत दूरवर पसरतात. या फाट्यांतून नॉरॲड्रेनॅलिन नावाचे रसायन सोडले जाते. हे रसायन बहुधा समोरच्या पेशीला ‘आता आवेग सोड’ अशी थेट आज्ञा देत नाही. ते त्या पेशीची तयारी बदलते. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो चुर्रकन उडतो, थंड तव्यावर नुसता पसरतो. थेंब तोच, तव्याची स्थिती वेगळी. नीलस्थान तवा तापवण्याचे काम करते, असे म्हणता येईल.

हे कळले कसे?

1924 साली हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी माणसाच्या डोक्यावर विद्युत्-अग्रे लावून मेंदूतील विजेच्या लहरी प्रथम टिपल्या आणि 1929 साली त्या प्रसिद्ध केल्या. गाढ झोपेत या लहरी मोठ्या आणि संथ असतात, तर जागेपणी लहान आणि जलद असतात, हे पुढे स्पष्ट झाले.

1935 साली बेल्जियममधील फ्रेडरिक ब्रेमर यांनी मांजराच्या मेंदूचा देठ वरच्या बाजूस छेदला. तेव्हा वरच्या मेंदूत सतत झोपेसारख्या संथ लहरी दिसू लागल्या. 1949 साली जुझेप्पे मोरुझ्झी आणि होरेस मॅगून यांनी याच्या उलट केले. भूल दिलेल्या मांजराच्या देठाला त्यांनी विजेचे सौम्य झटके दिले. सालीतील संथ लहरी मोडल्या आणि जागेपणासारख्या जलद लहरी आल्या. देठातून वर काही तरी जाते आणि साल जागी होते, एवढे सिद्ध झाले. पण देठातील नेमक्या कोणत्या पेशी हे करतात?

1964 साली स्वीडनमध्ये ॲनिका डालस्ट्रॉम आणि शेल फुक्से यांनी उंदराच्या मेंदूच्या ऊतींवर फॉर्माल्डिहाइडच्या वाफेची प्रक्रिया केली. या प्रक्रियेनंतर नॉरॲड्रेनॅलिन असलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकू लागतात. नीलस्थान असे उजळून निघाले. पेशींचा पत्ता सापडला. आता त्या कधी बोलतात, हे ऐकायचे होते.

एका पेशीचे बोलणे

चेतापेशी विजेच्या अगदी छोट्या ठोक्यांनी बोलते. त्या ठोक्याला आवेग म्हणतात. एक आवेग सुमारे एक सहस्रांश सेकंद टिकतो. केसासारखी बारीक तार पेशीजवळ नेऊन ठेवली, की तो ठोका टिपता येतो. तो व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो, म्हणून वर्धक लावून मोठा करावा लागतो. ध्वनिवर्धकाला जोडला तर ‘टक्... टक्...’ असा आवाज ऐकू येतो.

1981 साली अमेरिकेत गॅरी ॲस्टन-जोन्स आणि फ्लॉइड ब्लूम यांनी मोकळेपणी फिरणाऱ्या उंदरांच्या नीलस्थानातील आवेग मोजले. उंदीर जागा आणि सावध असताना एक पेशी सेकंदाला साधारण एक ते तीन आवेग सोडते. संथ लहरींच्या झोपेत हा वेग कमी होतो. ज्या झोपेत डोळे पापण्यांआड भराभर हलतात, त्या झोपेत पेशी जवळजवळ गप्प होते. अचानक आवाज झाला की दोन-तीन आवेग लागोपाठ सुटतात आणि मग क्षणभर शांतता. उंदीर अंग चाटून साफ करीत असला किंवा गोड पाणी पीत असला, की जागा असूनही त्याच्या नीलस्थानाचा वेग उतरतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की उंदीर जागा होण्याच्या थोडे आधीच नीलस्थानाचा वेग वाढू लागतो. म्हणजे हलगी आधी वाजते, पावले मागाहून पडतात.

मग प्रश्न सुटलाच की! देठ पुढारी आणि साल अनुयायी. पण थांबा. शास्त्रात ‘आधी घडले’ आणि ‘त्याच्यामुळे घडले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

झोपेतली भरती-ओहोटी

1993 साली कॅनडामध्ये मिर्चा स्टेरियाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या मांजरांच्या बाह्यकातील एक अतिशय संथ लय दाखवून दिली. तिची एक फेरी पुरी व्हायला एक सेकंदाहून अधिक वेळ लागतो. या फेरीचे दोन भाग असतात. एका भागात बाह्यकातील असंख्य पेशी एकाच वेळी आवेग सोडतात. त्याला आपण भरती म्हणू. दुसऱ्या भागात जवळजवळ साऱ्या पेशी गप्प होतात; ती ओहोटी. उंदराच्या झोपेतही अशी भरती-ओहोटी दिसते.

आता नीलस्थान या लयीत सामील असते का? 2012 साली ओक्साना एशेन्को, सुझन सारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या उंदरांमध्ये एक तार नीलस्थानात आणि दुसऱ्या तारा बाह्यकाच्या पुढच्या भागात ठेवून दोन्ही एकाच वेळी ऐकले. नीलस्थानाच्या पेशी झोपेत फार थोडे आवेग सोडतात, पण ते कसेही विखुरलेले नसतात. त्यांतले बरेचसे आवेग ओहोटी संपून भरती सुरू होण्याच्या सुमारास येतात! दूरचा देठ आणि वरची साल, झोपेतसुद्धा एका तालात होती.

ताल आहे की योगायोग? करून पाहा

दोन पेशी एका तालात आहेत, हे ठरवायचे कसे? त्यासाठी महागडी उपकरणे नकोत. चौकटीची वही आणि पेन्सिल पुरे. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.

समजा, आपण 100 सेकंद दोन पेशींचे आवेग टिपले. प्रत्येक सेकंदाचे दहा भाग केले, म्हणजे 1000 चौकटी झाल्या. देठातील पेशीने 100 चौकटींत आवेग सोडले, सालीतील पेशीने 200 चौकटींत. दोघींचा काही संबंध नसला, तरी योगायोगाने किती चौकटी जुळतील? देठाच्या पेशीचा आवेग दहापैकी एका चौकटीत आणि सालीच्या पेशीचा पाचपैकी एका चौकटीत. म्हणून दोन्ही एकत्र पन्नासपैकी एका चौकटीत. 1000 चौकटींत अशा सुमारे 20 जुळण्या होतील. मोजल्यावर 22 आढळल्या तर त्यात नवल नाही. 60 आढळल्या तर मात्र विचार करायला हवा.

आता दुसरी पायरी. वहीत 20 चौकटींच्या दोन ओळी आखा. वरच्या ओळीत, म्हणजे देठाच्या ओळीत, 3, 8, 13 आणि 18 या चौकटींत ठिपके द्या. खालच्या ओळीत, म्हणजे सालीच्या ओळीत, 4, 9, 14 आणि 19 या चौकटींत ठिपके द्या. जुळण्या किती? एकही नाही! पण वरची ओळ एका चौकटीने उजवीकडे सरकवा. चारही ठिपके जुळले. म्हणजे ताल होता, पण उशिराने होता. शास्त्रज्ञ असेच करतात. एक नोंद दुसरीवरून थोडी थोडी सरकवत जातात आणि प्रत्येक वेळी जुळण्या मोजतात. जिथे जुळण्या सर्वांत जास्त, तेवढा त्यांतला उशीर.

असा उशीर का व्हावा? नीलस्थानाचे तंतू फार बारीक असतात आणि आवेग त्यांतून सावकाश जातो. वेग सेकंदाला अर्धा मीटर धरा आणि देठापासून सालीच्या पुढच्या भागापर्यंतचे अंतर 15 मिलिमीटर धरा. अर्धा मीटर म्हणजे 500 मिलिमीटर. 15 भागिले 500, म्हणजे 0.03 सेकंद. तीस सहस्रांश सेकंदांचा हा प्रवास झाला. त्यानंतर रसायनाचा परिणाम व्हायला लागणारा वेळ वेगळाच.

आता तिसरी पायरी, आणि हीच खरी खुबी आहे. वहीतील त्याच ओळी पुन्हा पाहा. सालीचा ठिपका 4 वर आहे आणि देठाचा पुढचा ठिपका 8 वर. 9 नंतर 13, 14 नंतर 18. म्हणजे ‘साल आधी बोलते आणि देठ चार चौकटी उशिरा उत्तर देतो’, असेही म्हणता येईल! ठेका अगदी नियमित असला, तर नुसत्या नोंदीवरून पुढारी कोण आणि अनुयायी कोण हे ठरतच नाही. मेंदूची लय घड्याळासारखी नियमित नसते, तिच्यात लहानमोठ्या खंडांचा अनियमितपणा असतो, म्हणून थोडा अंदाज बांधता येतो. पण खात्री होत नाही.

शिवाय तिसरी शक्यताही आहे. पाऊस पडला की रस्त्यावर छत्र्या उघडतात आणि डबक्यात बेडूक ओरडतात. छत्र्या आणि बेडूक यांचा ताल जुळतो, पण छत्र्यांमुळे बेडूक ओरडत नाहीत. तसे देठ आणि साल हे दोन्ही मेंदूतील एखाद्या तिसऱ्याच भागाच्या तालावर चालत असतील तर?

हलगी आपण वाजवून पाहिली तर

यावर उपाय एकच. नुसते पाहत न बसता एका बाजूला हात घालायचा आणि दुसऱ्या बाजूला काय होते ते पाहायचे.

1991 साली क्रेग बेरिज आणि स्टीफन फूट यांनी भूल दिलेल्या उंदराच्या नीलस्थानाशेजारी उत्तेजक औषधाचा अगदी सूक्ष्म थेंब सोडला. नीलस्थानाचे आवेग वाढले आणि अर्ध्या मिनिटाच्या आत बाह्यकातील मोठ्या संथ लहरी मोडून लहान जलद लहरी आल्या. औषध एकाच बाजूला दिले होते, परिणाम मात्र मेंदूच्या दोन्ही बाजूंना झाला. 2010 साली अमेरिकेत छोट्या जातीच्या उंदरांवर आणखी अचूक प्रयोग झाला. नीलस्थानातील पेशी प्रकाशाला प्रतिसाद देतील अशी व्यवस्था करून बारीक काचतंतूने त्यांच्यावर प्रकाश टाकला. झोपलेले उंदीर काही सेकंदांतच जागे झाले.

म्हणजे देठ सालीला हलवतो, हे खरे. मग साल देठाला हलवते का? येथे एक मोठी मौज झाली. 1995 साली फ्रान्समध्ये सुझन सारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या उंदराच्या बाह्यकाचा पुढचा भाग औषधाने तात्पुरता बधिर केला. नीलस्थानाचा वेग वाढला! निष्कर्ष असा, की साल देठाला आवरून धरते. 1998 साली अमेरिकेत ॲस्टन-जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच भागाला उत्तेजन दिले, तर नीलस्थानाचा वेग वाढला. निष्कर्ष नेमका उलटा : साल देठाला चेतवते.

यातले कोण चुकले? कोणीच नाही, असे म्हणायला जागा आहे. दोन्ही प्रयोगांत भुलीची औषधे वेगळी होती, आणि भुलीचे औषध स्वतःच मेंदूचा ताल बदलते. दुसरे असे, की नीलस्थानाभोवती काही लहान पेशी असतात. त्यांचे काम नीलस्थानाला गप्प बसवणे. सालीकडून आलेला निरोप नीलस्थानाला सरळ पोहोचला तर ते चेतते, आणि तोच निरोप या आवरणाऱ्या पेशींच्या हाती पडला तर ते शांत होते. निरोप तोच, पण तो कोणामार्फत पोहोचतो यावर अर्थ ठरतो. दोन प्रयोगांचे निष्कर्ष उलटे आले, की लगेच एकाला खोटे ठरवू नये. दोघांच्या परिस्थितीत फरक काय होता, हे आधी विचारावे.

हलगीवाला एक नव्हे

बरीच वर्षे असे मानले जाई, की नीलस्थानातील सर्व पेशी एकदम बोलतात. 2018 साली जर्मनीत ट्यूबिंगेन येथे नेल्सन टोटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या उंदरांच्या नीलस्थानातील अनेक पेशींचे आवेग एकाच वेळी टिपले. पेशींच्या जोड्या लावून त्यांनी वर सांगितल्यासारखाच हिशेब केला. खरोखर एकत्र बोलणाऱ्या जोड्या थोड्याच निघाल्या. पुढे असेही आढळले, की नीलस्थानात पेशींचे लहान लहान गट असतात आणि वेगवेगळे गट बोलतात तेव्हा बाह्यकाची स्थितीही वेगवेगळी असते. म्हणजे कडेला एक हलगीवाला नसून हलगीवाल्यांचे एक पथक आहे, आणि प्रत्येकाचा ठेका थोडा निराळा आहे.

देठात नीलस्थानाखेरीज जागेपणाला मदत करणारी इतर केंद्रेही आहेत. नीलस्थान नष्ट केले तरी उंदीर कायमचा झोपी जात नाही. मेंदू एका खांबावर उभा नाही.

याचा उपयोग काय?

2008 साली एशेन्को आणि सारा यांनी उंदरांना वासावरून खाऊ ओळखायला शिकवले. शिकल्यानंतर सुमारे दोन तासांनी, संथ लहरींच्या झोपेत, त्यांच्या नीलस्थानाचा वेग काही काळ वाढलेला आढळला. शिकलेले पक्के करण्याच्या कामात देठ आणि साल यांचा हा ताल भाग घेत असावा, असा तर्क त्यांनी मांडला.

मग नीलस्थानाला अधिक हाकलले तर स्मरणशक्ती वाढेल? 2016 साली हे तपासले गेले. उंदीर चक्रव्यूहातील वाटा शिकले. नंतरच्या झोपेत त्यांच्या मेंदूत स्मरणाशी संबंधित विशिष्ट लहर उठली, की लगेच नीलस्थानाला विजेचे बारीक झटके दिले. सेकंदाला 20 या वेगाने झटके दिले तेव्हा शिकण्यात फरक पडला नाही. सेकंदाला 100 या वेगाने दिले तेव्हा बाह्यकातील ठरावीक लहरी काही क्षण बंद पडल्या आणि उंदरांची आठवण कच्ची राहिली. हलगी जोरात वाजवली म्हणून खेळ चांगला होत नाही. ठेका चुकला तर खेळच मोडतो.

हे सारे उंदराचे झाले. उंदरात दिसले ते माणसात तसेच असेल, असे धरून चालता येत नाही. ते माणसात वेगळे तपासावे लागते. पण प्रश्न महत्त्वाचा आहे. वार्धक्यात स्मृती नष्ट करणाऱ्या अल्झायमरच्या विकारात नीलस्थानातील पेशी फार लवकर बिघडू लागतात आणि पुढे मोठ्या संख्येने मरतात, असे दिसून आले आहे. म्हणून पेशींचा हा एवढासा पुंजका अनेक प्रयोगशाळांत अभ्यासला जात आहे.

असे प्रयोग संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी घेऊन, प्रशिक्षित माणसांनीच करायचे असतात. ते घरी किंवा शाळेत करायचे नाहीत. पण वहीतला प्रयोग तुम्ही अवश्य करा.

तुमच्यासाठी

1. दोन मित्रांना पाठीला पाठ लावून बसवा. दोघांनी पाच मिनिटे मनाला येईल तेव्हा टिचकी वाजवावी. प्रत्येक सेकंदाला एक चौकट धरून दोघांच्या टिचक्या नोंदवा. योगायोगाने किती जुळायला हव्यात आणि प्रत्यक्षात किती जुळल्या, ते मोजा.

2. एकमेकांचा आवाज ऐकू आल्यामुळे ताल जुळला की नाही, हे कसे ठरवाल? एकाने कानांत कापूस घालून प्रयोग पुन्हा करा. मग दुसऱ्याने घालून करा. दोन्ही वेळचे आकडे सारखे येतात का? त्यावरून पुढारी कोण, हे सांगता येईल का?

3. वहीतील ठिपके 3, 8, 13, 18 ऐवजी 3, 5, 12, 18 असे अनियमित घ्या आणि सालीचे ठिपके त्यांच्या एक चौकट पुढे द्या. आता साल पुढारी आहे असे म्हणता येते का? ओळी सरकवून पाहा आणि कारण लिहा.